मोटर मधोमध बंद पडते: नारळ नंतर, आधी टाकीचं झाकण

लक्षणं अशी असतात. काठावर बोटीची मोटर दुसऱ्या झटक्याला लागते. पाच-सात मिनिटं गुणी पोरासारखी चालते, म्हणजे काठावर कणसं भाजणाऱ्या मावशी दिसेनाशा होतील इतकं अंतर कापते. मग आवाज पातळ होतो, मोटर दोन-तीन आचके देते आणि गप्प. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, पण मोटर काही लागत नाही. दहा मिनिटांनी बोटीतला कुणाचा तरी मेहुणा पुढे सरसावतो, एक झटका मारतो आणि मोटर लागते! पुढची पाच मिनिटं मेहुणा कॅप्टन असतो. सहाव्या मिनिटाला पुन्हा बंद.

हौशी बोटवाल्यांच्या तक्रारींत ही तऱ्हा वारंवार भेटते. मेहुण्याच्या हातगुणाचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही. त्या दहा मिनिटांत टाकीत काय चाललेलं असतं ते पुढे येईलच.

शेजारची लक्षणं वेगळी ओळखून ठेवा, नाहीतर चुकीच्या टोकाकडून सुरुवात होते. मोटर ओरडतेय पण बोट जागची हलत नाही, तर दोष खाली पंख्याकडे. मागून पडणारी पाण्याची बारीक धार थांबली किंवा शिट्टी वाजली, तर मोटर तापतेय; आत्ता बंद करा, बाकीचं नंतर वाचा. मोटर एकदाही फटफटली नाही, तर मोटर बंद करणारी सुरक्षेची लाल दोरी किंवा प्लग. चोक ओढलेला असेल तरच चालते, तर पेट्रोल पुरेसं पोचत नाही. आणि मोटर व्यवस्थित चालू आहे, बोट मात्र काठाशीच थरथरतेय, तर खुंट्याची दोरी सोडा. हसू नका. दर सुट्टीच्या दिवशी कुणीतरी हे करतंच.

पुढचं सगळं बोटीच्या मागे टांगलेल्या, वेगळी टाकी आणि रबरी नळी असलेल्या ५ ते ४० हॉर्सपॉवरच्या मोटरसाठी आहे. बचाव पथकं जिला ओबीएम म्हणतात, तीच.

हात लावण्याआधी

बोट बंद पडली की पहिली गोष्ट नांगर, दुसरी लाइफ जॅकेट, तिसरी चर्चा. नाशिकच्या गंगापूर धरणात पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो आणि धरणाची भिंत पूर्वेला आहे, त्यामुळे बंद बोट सरकत सरकत नेमकी नको तिकडे जाते. नांगराची दोरी पाण्याच्या खोलीच्या पाचपट सोडावी. सहा मीटर पाणी असेल तर तीस मीटर. दोरी आखूड असली तर ओढ वरच्या दिशेने बसते, नांगर तळ धरत नाही आणि पिशवीतल्या भाजीसारखा तुमच्याबरोबर फिरत राहतो. दोरीचं एक टोक नांगराला आणि दुसरं बोटीला बांधलेलं असावं. हे सांगायची गरज नाही असं वाटत असेल, तर धरणाच्या तळाशी किती नांगर एकटे पडले असतील याचा विचार करा.

बिडी-सिगारेट विझवा. झाकण उघडलेली पेट्रोलची टाकी आणि पेटलेली काडी एका बोटीत असतील तर मोटर हा दुय्यम प्रश्न होतो.

फुकटातल्या तपासण्या

खाली पाणी आहे का? गंगापूर धरणाची क्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट आहे, पण ती भरलेल्या धरणाची. जायकवाडीत ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ६५ टक्के साठा नसेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हा हिशेब २०१४ च्या आदेशापासून नाशिककरांना पाठ झाला. शेतकऱ्यांसाठी ते राजकारण आहे, बोटवाल्यासाठी तो हवामानाचा अंदाज. पाणी सोडलं की काठ पुढे सरकतो. काल जिथून निघालात तिथे आज चिखल असतो आणि त्यात बसलेली बोट 'मोटर ओढत नाही' म्हणून बदनाम होते. वल्हं उभं बुडवून बघा. तीन फुटांपेक्षा कमी पाणी असेल तर मोटर वर उचला आणि वल्हवा. चिखलात फिरणारा पंखा बोट पुढे नेत नाही, फक्त गाळ ढवळतो, आणि तोच गाळ मोटर थंड करणाऱ्या पंपात जातो.

उलट्या बाजूचा नियम सोपा आहे. नाशिकच्या गोदाघाटावर पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागल्याची बातमी आली की गोदावरीत हौशी बोट काढायची नाही. कमरेपर्यंत पोचलं तर बोटीचा विषयही काढायचा नाही.

मग लाल दोरी. मोटरच्या पुढच्या बाजूला एका बटणाखाली लाल दोरीची क्लिप असते. चालवणारा पाण्यात पडला तर क्लिप निघून मोटर बंद व्हावी, म्हणून ती त्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची. ती अर्धवट निघाली तरी ठिणगी बंद. बोटीत सात वर्षांखालचं मूल असेल तर पहिला संशय तिथेच घ्या. क्लिपऐवजी तिथे काडी, रबर किंवा पेनाचं टोपण खोचून ठेवणारे महाभाग आहेत. ते पाण्यात पडतात आणि बोट त्यांच्याशिवाय फिरायला जाते, गोल गोल, पंख्यासकट. बदली क्लिप स्वस्त मिळते, एक जास्तीची ठेवा.

गिअर न्यूट्रलला आहे ना, तेही बघा. बहुतेक मोटरी गिअरमध्ये असताना सुरू होऊच देत नाहीत. खांदा दुखण्याचं अर्धं कारण हे.

टाकीचं झाकण, म्हणजे मेहुण्याचं रहस्य

टाकीच्या झाकणावर मधोमध एक छोटा स्क्रू असतो, बोटांनी फिरणारा. तो हवेचा. टाकी गाडीतून नेताना बंद, मोटर चालवताना दोन-तीन आटे उघडा. बस, एवढंच. मधोमध बंद पडणाऱ्या मोटरींत याच्याएवढा सतत सापडणारा दोष दुसरा नाही, आणि लोक नेमका हाच सोडून सगळीकडे बघतात.

कारण सरळ आहे. मोटर पेट्रोल ओढते, टाकीतली पातळी उतरते, रिकाम्या झालेल्या जागी बाहेरून हवा यायला हवी. स्क्रू बंद असेल तर ती येत नाही. टाकीत ओढ तयार होते, आणि मोटरचा इवलासा पेट्रोलपंप तिच्याशी रस्सीखेच खेळत पाच-सात मिनिटांत हरतो. शहाळ्याला स्ट्रॉ लावून भोक घट्ट बंद केलं तर पाणी जसं वर येईनासं होतं, तसंच. आता दहा मिनिटं बोट नुसती डोलत राहते. त्या वेळात झाकणाच्या फटीतून थोडी थोडी हवा आत झिरपते, ओढ कमी होते आणि नेमका तेव्हा मेहुण्याचा नंबर लागतो.

पडताळणी अशी: मोटर बंद पडल्याबरोबर नळीतला रबरी फुगा बघा. चपटा पडलेला असेल, तर दोषी सापडला. झाकण हळूच सैल करा. आत हवा शिरल्याचा 'फुस्स' ऐकू आला की खटला संपला. स्क्रू उघडा असूनही असं होत असेल तर भोक बुजलेलं आहे. बोट महिनाभर उभी राहिली की कुंभारीण माशीला अशा भोकांत मातीचं घर बांधायची सुरसुरी येते. बारीक तारेने मोकळं करा, पण झाकण टाकीवरून काढून, नाहीतर घर टाकीत पडेल आणि पुढे फिल्टरमध्ये गृहप्रवेश करेल. काही नव्या टाक्यांना स्क्रूच नसतो, आपोआप उघडणारी झडप असते. ती चिकटली तर झाकणच बदला.

उन्हाळ्यात हाच स्क्रू उलटा घोटाळा करतो. एप्रिलच्या उन्हात बंद टाकी फुगते. तशीच नळी जोडली तर आतल्या दाबाने पेट्रोल मोटरमध्ये घुसतं आणि ती सुरू होण्याआधीच ओव्हर होते. म्हणून नळी जोडण्याआधी स्क्रू सावकाश उघडून दाब सोडा, टाकी सावलीत ठेवा आणि काठोकाठ भरू नका. टाकीवर ओला टॉवेल चालेल, पण स्क्रू झाकेल असा नाही. टाकीला देवघरातल्यासारखं फडकं गुंडाळून ठेवणाऱ्यांचा भक्तिभाव कळतो, पण मोटर नास्तिक असते.

रबरी फुगा आणि नळी

फुग्यावर बाण असतो, तो मोटरकडे. उलटा बसवला तर पेट्रोल टाकीकडेच परत पाठवायचा तो प्रामाणिक प्रयत्न करतो. दाबताना बाणाचं टोक वर येईल असा उभा धरा, म्हणजे आतल्या झडपा नीट बसतात. आठ-दहा दाबांत फुगा कडक व्हायला हवा.

कडक होतच नसेल तर टाकीत पेट्रोल नाही किंवा कुठेतरी हवा शिरतेय. पहिलं कारण आधी तपासा, लाज बाळगू नका. मग नळीच्या दोन्ही टोकांचे खटक्याचे जोड बघा. 'खट्' आवाज आला नाही तर बसलेले नाहीत. जोडातली रबरी रिंग फाटली असेल तर ती एकटी बदलता येते. नळीला चिरा पडल्या असतील तर चिकटपट्टी गुंडाळू नका: पेट्रोल गोंद विरघळवतं, आणि तो गोंद कार्ब्युरेटरमध्ये जाऊन बसतो.

आता सगळ्यात उपयोगी चाचणी. मोटर आचके द्यायला लागली की कुणालातरी फुगा दाबत राहायला सांगा. दाबल्यावर मोटर सावरली, तर दोष टाकीपासून मोटरच्या पेट्रोलपंपापर्यंतच्या वाटेवर आहे. काहीच फरक पडला नाही, तर ही वाट सोडा आणि पुढे वाचा. या एका चाचणीने अर्धी मोटर उघडायची वाचते. हाताने दाबत दाबत काठापर्यंत येताही येतं. फुगा मेहुण्याच्या हातात द्या, त्यालाही काम हवंच असतं. मोटर नीट चालत असताना मात्र उगाच दाबू नका, ओव्हर होईल.

पेट्रोल

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतली ओल शोषतं. अर्धी टाकी पावसाळाभर शेडमध्ये ठेवली की ठराविक मर्यादेपलीकडे पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात. मोटरची नळी पेट्रोल घेते तळातूनच. टू-स्ट्रोक मोटरला हे जास्त घातक, कारण मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं आणि मोटर खालचं बिनऑइलचं पाणीदार मिश्रण पिते.

तपासायला खर्च शून्य. टाकीच्या तळाचं पावशेर पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढा आणि वीस मिनिटं सावलीत ठेवा. मध्ये रेघ दिसली किंवा तळाशी थेंब गोळा झाले, तर सगळी टाकी रिकामी करायची. बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'पेट्रोल' लिहा, विशेषतः आसपास द्राक्षबागांकडून आलेले पाहुणे असतील तर. फिल्टरखाली पाणी साचणारी वाटी असेल तर तीही उघडून ओता, पण डब्यात, धरणात नाही. गंगापूर धरणाचं पाणी नाशिकच्या नळाला येतं. तुम्ही ओतलेलं पेट्रोल शेवटी तुमच्याच चहाच्या वाटेने निघतं.

टू-स्ट्रोकचं प्रमाण साधारण ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली ऑइल, १२ लिटरला २४० मिली. कंपनीच्या पुस्तकात वेगळं असेल तर पुस्तक खरं. 'थोडं जास्त घातलं तर बरं' हे तुपाला लागू आहे, मोटरला नाही. जास्त ऑइलने प्लग काळा पडतो आणि धूर इतका होतो की मच्छर निर्मूलन विभागाचा गैरसमज व्हावा. ऑइल टीसी-डब्ल्यू ३ दर्जाचं घ्या. स्कूटरचं टू-टी ऑइल हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. मोटर फोर-स्ट्रोक असेल तर पेट्रोलात ऑइल मिसळायचंच नाही, वेगळं भरायचं. उरलेलं मिश्रण घरच्या स्कूटरमध्ये ओतून 'वाया जायला नको' म्हणणाऱ्यांनी ती स्कूटर कुणाची आहे याचा आधी विचार करावा.

प्लग

इथून पुढे पाना लागतो. मोटर थंड झाल्यावर प्लग काढा. बदामी रंग असेल तर सगळं ठीक. ओला आणि पेट्रोलचा वास, तर ओव्हर. प्लग पुसा, चोक आत ढकला, नळी सोडा, चार-सहा रिकामे झटके मारा, मग लावा. काळाकुट्ट तेलकट, तर ऑइल जास्त किंवा मोटर तासन् तास अगदी हळू चालवलेली. पांढराफटक, तर तापतेय किंवा पेट्रोल कमी. हे सगळ्यात वाईट.

प्लगच्या टोकांमधली फट (गॅप) फीलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्टीने मोजा, पुस्तकातल्या आकड्याशी जुळवा. नखाने मोजू नका, नखं कंपनीने प्रमाणित केलेली नसतात. ठिणगीची चाचणी काठावरच घ्या, नळी काढून, सांडलेलं पेट्रोल पुसून, प्लगचा धातू इंजिनाला टेकवून आणि प्लगच्या उघड्या भोकापासून दूर. नव्या प्लगची किंमत फार तर दोन प्लेट मिसळीएवढी, म्हणून शंका आली की बदला आणि एक जोडी डब्यात ठेवा. प्लगला लिंबू-मिरची बांधायला हरकत नाही, फक्त मोटर सुरू करण्याआधी सोडा.

पाण्याची धार आणि पंखा

मागून पडणारी धार सतत आणि एकसारखी हवी. ती बारीक झाली तर आधी न्यूट्रल, मग क्लिप काढून मोटर पूर्ण बंद, मग मोटर वर उचलून खालच्या जाळीतला कचरा काढा. हा क्रम बदलायचा नाही. पंख्याजवळ हात आणि चालू मोटर यांची भेट एकदाच होते. गोदावरीत काय सापडतं? पानवेली, जाळ्याचा नायलॉन, झेंडूचे हार, नि कधी आख्खी प्लास्टिकची पिशवी, त्यात निर्माल्य. धारेच्या भोकात गवत कापायच्या मशिनीची दोन मिलीमीटरची नायलॉन तार घालून मागेपुढे करा. लोखंडी तार नको. इथेही कुंभारीण माशी घर बांधते. जागेची तिची निवड वाखाणण्यासारखी आहे.

भोक मोकळं असूनही धार नाही, म्हणजे आतला रबरी इंपेलर (पाणी वर ढकलणारं पंपाचं चाक) गेला. तो पाण्यावरच वंगण घेतो. काठावर 'आवाज तरी ऐकू' म्हणून मोटर कोरडी चालवली की काही सेकंदांत त्याची पाती जळतात. चाचणी घ्यायची तर खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवून. गाळाच्या पाण्यात चालवत असाल तर इंपेलर दरवर्षी बदलावा. त्यासाठी मोटरचा खालचा पाय उतरवावा लागतो आणि गिअरची काडी परत जुळवावी लागते. पहिल्यांदा करताना शेजारी कुणीतरी माहितगार असू द्या.

मोटर ओरडते पण बोट हलत नाही, तेव्हा छोट्या मोटरींत पंख्याची कातरपिन तुटलेली असते. दगड लागला तर गिअर वाचावा म्हणून ती मुद्दाम मऊ धातूची असते. तिच्या जागी खिळा ठोकला तर पुढच्या दगडाला खिळा टिकतो, गिअर तुटतात. दोन कातरपिना, दोन स्प्लिट पिना आणि पक्कड बोटीतच ठेवा. पंखा काढताना खाली टोपली किंवा कापड धरा, कारण नट पाण्यात पडायची वेळ तो स्वतः ठरवतो.

कार्ब्युरेटर

वरचं सगळं झाल्यावरच. चोकवरच चालणारी, मंद गतीला मरणारी मोटर बहुधा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं तोंड) बुजल्यामुळे त्रास देते. जुनं पेट्रोल वाळून आत राळ जमते. कार्ब्युरेटर क्लीनर आणि हवा वापरा, जेटमध्ये सुई घालू नका. भोक केसभर मोठं झालं तरी हिशेब बिघडतो. उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा, घरी टेबलावर पांढऱ्या कापडावर काम करा. बोटीत कार्ब्युरेटर उघडायचा नाही, कितीही आत्मविश्वास असला तरी. आत्मविश्वास तरंगतो, जेट बुडते.

इथे थांबा, मेकॅनिकला बोलवा

बोटीच्या तळाशी पेट्रोल साचलंय किंवा वास जात नाही: काहीही सुरू करू नका, बॅटरीचा खटकासुद्धा दाबू नका. गिअर ऑइल दुधाळ झालंय: सील गेलंय, पाणी शिरतंय. तापून बंद पडलेली मोटर दोरीने फिरतच नाही: जोर लावू नका. दोन सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक आहे, फुगा दाबल्यावरच मोटर चालते आणि नळी नवी आहे, बोल्ट आतच तुटलाय, किंवा मोटर कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनची आहे: ही पान्याची कामं नव्हेत.

ओढून आणायची वेळ आली तर दोरी बोटीच्या पुढच्या कडीला बांधा, मोटरला नाही. मोटर वर उचला, सगळ्यांना मागे बसवा, ओढणाऱ्याला सावकाश चालायला सांगा.

मेकॅनिकला फोनवर 'चालत नाही' एवढंच सांगू नका. किती मिनिटं चालली, फुगा चपटा होता की कडक, दाबल्यावर सावरली का, धार कशी होती, प्लगचा रंग कोणता, पेट्रोल कधी भरलं, एवढं सांगितलं तर तो बरोबर सुटे भाग घेऊन येईल. मेहुण्याने काय काय उघडलं तेही सांगा. उरलेले स्क्रू चिवड्याच्या पिशवीत असतील तर आधी काढून डबीत घाला.